भिंतीवरचा बाण

मोतीरामला पाड्यावर कुणी हिंग लावून विचारत नसे. रविवारी मात्र त्याचा थाट पाहावा! नाशिकहून जीपगाड्या यायच्या, घाटाच्या वळणावळणावर थांबून खालच्या धरणाचे फोटो काढायच्या आणि थेट त्याच्या दारात उभ्या राहायच्या. डोंगरावरच्या तळ्याची वाट करवंदीच्या जाळीत चार ठिकाणी फुटायची, त्यातली एक सरळ कड्यावर जायची, आणि खरी कुठली ते फक्त मोतीरामला ठाऊक. "मोतीरामदादा, चला ना," अशी शिकलेली माणसं आर्जवं करायची. पन्नाशी उलटली तरी त्याला दुसऱ्या कुणी 'चला ना' म्हटलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात इंदिरानगरच्या ट्रेकिंग क्लबचा राकेश आला, पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन.

"दादा, वाटेवर बाण काढायचेत. तुमच्याशिवाय जमणार नाही."

झालं, गडी विरघळला. डबा स्वतःच उचलला. बायको बयाबाई चुलीपासून ओरडली, "दगडच वाट दावाया लागले, मंग तुमाला कोन इचारील?"

"तुला काय कळतंय? माझ्याबिगर त्यांचं चालत नाय!"

दिवसभर मोतीरामनं बोट दाखवायचं आणि राकेशनं बाण काढायचा. एका फाट्यावर राकेश चुकला, तर यानं तो बाण पुसायला लावून पुन्हा काढून घेतला. इतक्या इमानानं कुणी स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली नसेल.

उतरल्यावर डब्यात थोडा रंग उरला. "शेवटचा बाण तुमच्या हातचा," राकेश म्हणाला. मोतीरामनं बघितली ती आपल्याच घराची भिंत. बाण दारात असला की माणसं दारात येणार, आणि दारात आली की हाक मारणार, असा त्याचा भाबडा हिशोब. हातभर लांब बाण काढला, टोक डोंगराकडे. पाड्यातल्या पोरांना बोलावून दाखवलासुद्धा.

पुढच्या रविवारी धुतलेली टोपी घालून, भाकर फडक्यात बांधून तो ओट्यावर भिंतीला टेकून बसला. जीप आली. आठदहा जण उतरले आणि खरंच त्याच्या दारात येऊन थांबले. पुढे अंजली होती. गेल्या वर्षी पाय मुरगळला तेव्हा हिलाच त्यानं कड्यापासून खालपर्यंत पाठीवर आणलं होतं. मोतीराम हसत उठू लागला. बयाबाई दारात येऊन उभी राहिली.

अंजलीनं त्याला ओळखलंसुद्धा नाही.

"काका, जरा बाजूला सरकता का? बाण झाकला जातोय."

तो सरकला. सगळ्यांनी मान वाकडी करून बाण पाहिला आणि हसतखिदळत डोंगराकडे चालू लागले. एकानंही मागे वळून बघितलं नाही.

बयाबाईची जीभ तिखट. आता ती तोंडाचा पट्टा सोडणार म्हणून मोतीराम मान खाली घालून वाट बघत राहिला. तिनं फक्त त्याच्या हातातलं भाकरीचं फडकं घेतलं आणि आत गेली.