एका हाताचं कुत्रं

बुरन्या घरात आला त्या संध्याकाळी माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. दोन धोतरं, एक घोंगडं, बीपीच्या गोळ्या. उद्या पहिल्या एसटीनं सांगोला गाठणार आणि तिथून गाव, असं मी सकाळीच जाहीर केलं होतं. माझा मुलगा सयाजी त्यावर एक अक्षर बोलला नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. ऑफिसातून येताना त्यानं एक खोकं आणलं, त्यातलं पिवळसर पिल्लू उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "आबा, आमी दोगं दिवसभर भाईर. ह्याला कोण बगनार?"

पिल्लानं ताबडतोब माझं धोतर ओलं केलं. पिशवी परत कपाटात गेली.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको सोजरा गेली आणि सयाजीनं मला सोलापूरला आणलं. जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. तो विजेच्या ऑफिसात, सून उत्कर्षा शाळेत शिकवते. दोघं नवाला बाहेर पडतात ते सहाला उगवतात. तोवर घरात मी, टीव्ही आणि पाचव्या दिवशी नळाला येणारं पाणी. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी मारलेली आहे. आम्ही रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे सुतळीच्या जाळीत कोंडायचो. आतलं मेंढरू जसं बाहेर बघत राहतं तसा मी त्या बाल्कनीत उभा असायचो. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, सून गुणाची, पोरगा जीव लावणारा. तक्रार करावी तर कुठल्या तोंडानं, आणि नाही करावी तर दिवस सरत नाही. मी दोन वर्षं गप्प बसलो.

गावाकडं माझा धाकटा भाऊ सिदू दोनशे मेंढरं राखतो. त्यातली चाळीस माझी. दिवाळी सरली की कळप घेऊन तो घाटाकडं निघतो आणि पावसाच्या तोंडावर परततो. आजवर त्याचा पोरगा बरोबर असायचा, तो यंदा पुण्याला कंपनीत लागला. सिदूनं फोनवर सरळ सांगितलं होतं, "दादा, तू आलास तर निगतो. एकट्याच्यानं हुईत न्हाय. न्हायतर दिवाळी झाली की समदी मेंढरं व्यापाऱ्याला देऊन टाकतो."

आमच्या घराण्यातला हा शेवटचा कळप. हे मी सयाजीला सांगितलं तर तो म्हणाला, दिवाळीला अजून पाच महिने आहेत, तोवर पिल्लू शहाणं करून द्या, मग खुशाल जा, मी अडवणार नाही. मी तो शब्द पक्का धरला. आयुष्यात वीस-बावीस कुत्री तयार केली होती. हे एक म्हणजे हातचा मळ, असं मला वाटलं.

उत्कर्षानं त्याचं नाव ब्रूनो ठेवलं. माझ्या जिभेवर त्याचा बुरन्या झाला आणि तो बुरन्यालाच ओ द्यायला लागला, म्हणून ती दोन दिवस फुगून बसली. तिनं मला मोबाइलवर एक बाई दाखवली. ती बाई कुत्र्याला 'बस' म्हणायची आणि ते बसलं की बिस्कीट द्यायची, उठलं की बिस्कीट, वळलं की बिस्कीट. असं केलं तर कुत्रं शिकत नाही, फक्त सुटतं, असं मी म्हणालो.

खरं सांगायचं तर पहिला धडा मलाच अवघड गेला. मेंढरांच्या तळावरच्या कुत्र्याला कुणी हगायला शिकवत नाही, अख्खं रान त्याचं असतं. इथं गुळगुळीत फरशी आणि वर सुनेचा गालिचा. मग मी त्याच्यावर नजर ठेवली. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून दमलं की ते जमीन हुंगत गोल फिरायला लागायचं. लगेच काखोटीला मारायचं, अठरा पायऱ्या उतरायच्या आणि पार्किंगमागच्या लिंबाखाली सोडायचं. दिवसातून दहा वेळा. गुडघे बोंबलायचे, पण तीन आठवड्यांत ते स्वतःहून दाराशी जाऊन उभं राहायला लागलं. त्यानं सयाजीचा ऑफिसचा बूट, टीव्हीची वायर आणि माझ्या चष्म्याची काडी चावली. मी त्याला जुन्या पोत्याची गाठ मारून दिली, बूट धरला की तोंडातून काढून गाठ द्यायची. ओरडायचं नाही, मारायचं नाही. भाद्रपद लागेपर्यंत बुरन्या हाकेला यायचा, 'थांब' म्हटलं की थांबायचा, जिन्यात माझ्या पायरीला पायरी लावून उतरायचा. एकेक गोष्ट शिकला की मी मनात एकेक आठवडा खोडायचो.

त्याच सुमाराला वॉचमन संगप्पानं बातमी आणली. संगप्पा अक्कलकोटकडचा, घाईत असला की निम्मं कानडीतच सांगतो. पलीकडच्या सोसायटीत चोरांनी कुत्र्याला गुंगीचा पाव टाकला आणि बंद फ्लॅट धुऊन नेला. मी बुरन्याकडं बघितलं. ही जातच खादाड. कुणी पाव दाखवला असता तर यानं चोराला कपाट कुठं आहे तेही दाखवलं असतं. मी गेल्यावर घर दिवसभर याच्याच भरवशावर राहणार होतं.

आमच्यात यावर जुना इलाज आहे. कुत्रं एका हाताचं करायचं. मालकानं साधी भाकरी द्यायची. बाकी जो कुणी हात पुढं करेल त्याच्या तुकड्यात मिरचीची पूड. तोंड चार-पाचदा पोळलं की ते जन्मभर दुसऱ्याच्या हातचं खात नाही, खाली पडलेलंही उचलत नाही. यात घरचा-परका असा भेद करत नाहीत, कारण चोर घरच्याचंच घोंगडं पांघरून आला तर काय करणार?

मी संगप्पाला तुकडा दिला, इस्त्रीवाल्या केराबाईला दिला, सयाजीला दिला. सयाजीनं हसत हसत खाऊ घातला. उत्कर्षा मात्र मागं सरली. "मामा, मीसुद्धा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, अर्धवट काम मला येत नाही. तिनं डोळे मिटून हात पुढं केला. बुरन्या केकाटत सोफ्याखाली शिरला आणि तासभर बाहेर आला नाही. मी साधी भाकरी घेऊन गेलो तेव्हा सरपटत आला आणि माझ्या हातातून खाल्ली. ताटलीत वाढलेलंही मी 'घे' म्हटल्याशिवाय शिवायचं नाही, हेही मग त्याला आलं.

दसऱ्याला सोनं द्यायला उत्कर्षाची बहीण प्रियदर्शनी आली. तिनं त्याच्या नाकापुढं पेढा धरला. त्याच्या तोंडाला पाणी सुटून खाली गळत होतं, पण त्यानं मान फिरवली आणि माझ्याकडं बघत बसला. सगळे थक्क झाले. सयाजीनं तो प्रकार मोबाइलवर काढून ऑफिसातल्या लोकांना पाठवला. मी मिशीवरून हात फिरवला. या सगळ्याचा अर्थ काय, हे घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

दिवाळी झाली आणि शुक्रवारी मी निघालो. सयाजीनं शब्द पाळला, स्टँडवर सोडायलाही आला. तिसऱ्या प्रहरी गावात उतरलो. मेंढरं माळावरून येत होती, धुळीचा आणि लोकरीचा वास नाकात गेला आणि मला भर रस्त्यात रडू आलं. सिदूनं बघून न बघितल्यासारखं केलं. सोमवारी निघायचं ठरलं. शनिवारी दिवसभर मी माझी चाळीस मेंढरं हातानं चाचपून बघितली, खूर तपासले, वाघरीच्या तुटलेल्या गाठी मारल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागून जेवण गेलं.

शनिवारी संध्याकाळी सयाजीचा फोन आला की बुरन्यानं कालपासून तोंडात काही घेतलेलं नाही. मी म्हणालो, उद्या खाईल. रविवारी सकाळी परत फोन. डॉक्टरनं सलाईन लावलं होतं. "ताटलीसमोर बसतंय आन् तुमच्या खोलीच्या दाराकडं बगतंय," सयाजी म्हणाला. "आबा, तुमी काय करून ठेवलंय ह्याचं?"

मी भिंतीला टेकून बसलो. सिदूला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून माझी पिशवी आणून दिली. तो म्हणाला, व्यापारी बुधवारी सकाळी गावात येणार आहे. तोवर आलास तर त्याला माघारी लावतो.

रविवारी दिवेलागणीला घरात पाऊल टाकलं तर बुरन्याला धड उठताही येईना. शेपूट मात्र फरशीवर आपटत होता. तीन भाकरी त्यानं माझ्या हातून खाल्ल्या. सोमवारी मी सगळे उपाय केले. उत्कर्षाला शेजारी बसवून तिच्या हातानं भरवायला लावलं, त्यानं मान फिरवली. तिच्या अंगावर माझं घोंगडं टाकलं, त्यानं घोंगडं हुंगलं आणि मान फिरवली. चोरासाठी केलेला बंदोबस्त पक्का होता. बरोबर न्यावं म्हटलं तर सिदूची तीन कुत्री त्याला पहिल्याच दिवशी फाडणार, आणि पंख्याखाली वाढलेलं हे जनावर घाटापर्यंत चालणार नाही. मी बाल्कनीत जाऊन जाळीला धरून उभा राहिलो. तो येऊन माझ्या पायावर बसला.

एक उपाय राहिला होता. माझ्या वडिलांनी तो एकदाच केला होता, मेव्हण्याला कुत्रं द्यायचं होतं तेव्हा. आता मालकानं स्वतःच्या हातानं तिखट द्यायचं आणि दुसऱ्यानं साधी भाकरी. वडिलांच्या कुत्र्यानं एकच तुकडा खाल्ला, त्यांच्याकडं बघितलं आणि मेव्हण्यामागून चालू लागलं. पुन्हा म्हणून जवळ आलं नाही. वडील त्या दिवशी जेवले नव्हते.

मंगळवारी उत्कर्षा शाळेतून लवकर आली. मी तिला तूप लावलेली भाकरी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. माझ्या तुकड्यात मिरचीची पूड दाबून भरली, भाद्रपदात भरली होती त्याच्या दुप्पट. हात पुढं केला आणि म्हणालो, "घे."

त्यानं घेतलं. एकदा चावलं आणि थांबला. डोळ्यांतून पाणी आलं, तो शिंकला, जीभ बाहेर काढून फरशीवर घासली. आता उठेल, आता तिच्याकडं जाईल, म्हणून मी वाट बघत होतो. इतक्या महिन्यांत त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता. तरी मनात एकच चालू होतं, जा बाबा, जा, मला सोड.

तो गेला तो पाण्याच्या भांड्याकडं. पाणी प्यायला, लडखडत परत आला आणि माझ्यापुढं मी शिकवलं होतं तसा बसला. दुसऱ्या तुकड्याची वाट बघत.

उत्कर्षानं मागून हाका मारल्या, तूप त्याच्या नाकाशी नेलं. त्यानं बघितलंसुद्धा नाही. मला त्याचा भयंकर राग आला. मी दुसरा तुकडा भरला, आणखी तिखट. हात पुढं नेला. त्याला वास आला होता, नाकपुड्या थरथरत होत्या आणि तो अंग आखडून बसला होता. मी 'घे' म्हटलं नाही तरी त्यानं मान पुढं केली.

"मामा, बास करा," उत्कर्षा म्हणाली. ती रडत होती. "तुमी जावा गावाला. आमी बगतो काय करायचं ते."

शाळेतली शुद्ध भाषा विसरून ती माहेरच्या बोलीत बोलली, पण त्या 'बगतो'त काही नव्हतं. सलाईन होतं फक्त, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी तुकडा मुठीत आवळला, उठलो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. तिच्या हातातली तुपाची भाकरी घेतली आणि माझ्या हातानं त्याला भरवली. तोंड पोळलेलं असतानाही त्यानं ती चाटूनपुसून खाल्ली.

मग सिदूला फोन लावला. मागं मेंढरांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "कदी निगतुयास दादा? बिऱ्हाड लादायला घोडं बी आणून ठिवलंय."

"व्यापारी येऊ दे," मी म्हणालो.

त्यानं तिकडं मेंढरांना एक हाळी दिली. मग म्हणाला, "तुजी चाळीस बी?"

"व्हय."

फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन बसलो. मुठीत आवळलेलं तिखट बोटांच्या चिरांत शिरलं होतं, हात भगभगत होता. बुरन्या मागोमाग आला, माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि तोच हात चाटायला लागला. त्याचं तोंड आणखी पोळत असणार. मी हात काढून घेतला, तर त्यानं पंजानं तो परत ओढून घेतला.