ड्रायव्हर न टिकणारा ट्रक

गुंजनचं हेवी लायसन हातात आलं आणि आठवड्याच्या आत कामाचा पहिला फोनही आला. फोन होता प्रवीण सरांचा. भंडाऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनीच तिला ट्रक शिकवला होता.

"पवनीची एक बाई आहे, शकुनबाई म्हणून," सर म्हणाले. "दहा चाकी ट्रक आहे स्वतःचा. मिलचा तांदूळ नेते. ड्रायव्हर पाहिजे तिले. नवीन असला तरी चालन म्हणते, बाईमाणूस असली तर अजून चांगलं. पगार वेळेवर देते."

"मंग अडचण काय आहे सर?"

"ड्रायव्हर टिकत नाही तिच्याकडं."

"काहून?"

"ते मले नोको विचारू. जाऊन पाय, अन् मंग ठरव."

झालं! आता पगार किती, गाडी कोणत्या सालची, यातलं काही गुंजनच्या डोक्यात राहिलं नाही. राहिला तो एवढाच प्रश्न. ती लहानपणापासूनच अशी. तिच्या गावात, दिघोरीत, धान खरेदी केंद्रावर ट्रक भरले जात, तेव्हा ती बापाला विचारायची, हे कुठं जातात? पुंडलिकराव सांगत, मिलवर. मिलवरून कुठं? दुकानात. कोणत्या गावच्या दुकानात? शेवटी पुंडलिकराव हात जोडत. पुढं घरचा ट्रॅक्टर तिच्या हाती आला तरी तो शेतातल्या बांधीपासून केंद्रापर्यंतच जायचा. ट्रक तिथून पुढं जायचे.

त्या संध्याकाळी घरात यावरच बोलणं झालं. "जिथं माणूस टिकत नाही, तिथं आपण कायले जाचं?" पुंडलिकराव म्हणाले. "काही तरी खोट असनच."

"मालकीण बाईच आहे म्हणते ना?" तिच्या आईनं, निर्मलाबाईंनी, चुलीपाशी बसल्या बसल्याच विचारलं. "मंग एकदा पाहून याले काय जाते?"

गुंजननं भुपेंद्रला फोन लावला. तो तिच्याच बॅचचा. चिखल्याच्या मँगनीज खाणीतला माल रेल्वे सायडिंगपर्यंत नेणाऱ्या एका ठेकेदाराच्या ट्रकवर तो लागला होता.

"शकुनबाई?" तो हसायलाच लागला. "अवं, ते बाई गाडीतच बसते! ड्रायव्हरच्या बाजूले, प्रत्येक खेपेले. डिझेल चोरन म्हणून पहारा देते. कोन टिकन तिथं? त्यापेक्षा तू चिखल्याले ये. जागा आहे, मी बोलतो मॅनेजरले. माझ्या बहिणीच्या खोलीत राहशीन. सकाळी निघाचं, संध्याकाळी परत. तेच खड्डे, तेच वळण. मी तर आता डोळे मिटून चालवतो."

त्यानं हे कौतुकानंच सांगितलं होतं. गुंजनला ते शेवटचं वाक्य मात्र खटकलं. इतके महिने क्लच-ब्रेकशी झुंजून शिकायचं, ते डोळे मिटून चालवायला? पण नोकरी सरळधोपट होती, सोबतीला ओळखीचं माणूस होतं. नाही म्हणायला तिला कारण सापडेना. आणि पवनीकडं पाहिलं तर एक कोडं होतं. एखाद्या बाईनं दिवस दिवस ट्रकच्या केबिनमध्ये धक्के खात बसायचं, तेही डिझेलसाठी? डिझेल तर पंपावरच्या पावतीवरूनही कळतं. मग ती बसते कायले?

दोन दिवसांनी बापलेक मोटारसायकलवर पवनीला गेले. शकुनबाईंचं घर मिलच्या मागच्या गल्लीत होतं. ट्रक दारासमोरच उभा होता, जुना पण धुऊनपुसून लख्ख. बाई पन्नाशीच्या, अंगानं बारीक, लुगड्यावर पुरुषी स्वेटर घातलेल्या. गुंजननं लायसन पुढं केलं तर त्यांनी ते पाहिलंही नाही.

"गाडीत उलटी होते का तुले?"

"नाही."

"मले होत होती पयल्यांदा. आता नाही होत." त्यांनी आत जाऊन चहा ठेवला आणि तिथूनच विचारलं, "मंग कधीपासून येतं?"

"मले आधी एक खेप मारून पाहाची आहे काकू," गुंजन म्हणाली. "त्याच्यानंतर सांगीन."

पुंडलिकरावांना वाटलं, आता बाई चिडणार. पण शकुनबाई खूश झाल्यासारख्या बाहेर आल्या. "पाय ना! उद्या तुमसरची खेप आहे. मंगरूले संग घेऊ."

मंगरू म्हणजे त्यांचा आधीचा ड्रायव्हर. त्यानंही काम सोडलं होतं, पण शेजारीच राहायचा आणि अडीनडीला यायचा.

बापलेक रात्री तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाचे कट्टे भरून ट्रक निघाला. अड्याळपर्यंत मंगरूनं चालवला, मग बाजूला घेऊन तो गुंजनला म्हणाला, "ये." ती स्टेअरिंगवर बसली. मंगरू मधे आणि शकुनबाई पलीकडच्या खिडकीशी. मागून पुंडलिकराव मोटारसायकलवर येतच होते. ते दिघोरीला परत जाणार होते खरे, पण सकाळी म्हणाले होते, "जरा दूर येऊन पाहतो."

स्कूलचा ट्रक रिकामा असायचा. भरलेला ट्रक म्हणजे वेगळंच जनावर निघालं. ब्रेक दाबला तरी मागचं वजन म्हणायचं, अजून थोडं जाऊ दे. चढावर तो कुरकुरायचा आणि उतारावर पाठीत ढकलायचा. सुरुवातीला गुंजनचे अंदाज चुकत गेले. पण पहेला गाव मागं पडेपर्यंत तिला त्याचा स्वभाव जरा कळायला लागला होता. कुठं आधीच दम धरायचा आणि कुठं सोडून द्यायचं, ते हळूहळू पायांना समजत होतं. भंडाऱ्याच्या अलीकडं पुंडलिकरावांनी मोटारसायकल जोरात पुढं काढली, ट्रकच्या बरोबरीला येऊन वर पाहिलं, हात हलवला आणि वळून घरची वाट धरली.

शकुनबाईंचं तोंड मात्र सकाळपासून थांबलं नव्हतं. "हे कोनतं गाव? इथून डावीकडं गेलं तर कुठं निंघते? तो धूर कायचा आहे?"

"कारखाना आहे," मंगरू सुस्कारा टाकून म्हणाला. "मागच्या खेपेलेही सांगितलं होतं."

"मागच्या खेपेले धूर पांढरा होता."

गुंजन कान देऊन ऐकत होती. बाईंची नजर काट्यावर नव्हती. डिझेलकडं, किलोमीटरकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्या सारख्या खिडकीबाहेर पाहत होत्या, मान वळवून, मागं पडलेलं पुन्हा पाहत.

तुमसरला व्यापाऱ्याच्या गोदामात माल उतरायला लागला. मंगरू हमालांपाशी गेला. दोघी गोदामाच्या सावलीत डबा उघडून बसल्या, तेव्हा गुंजननं विचारूनच टाकलं.

"काकू, एक विचारू? तुमी गाडीत काहून बसता?"

शकुनबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "लोकं काय म्हणते?"

"डिझेलसाठी म्हणते."

"म्हणू दे." मग ट्रककडं पाहून म्हणाल्या, "आमचे हे, गोपीचंद, जन्मभर हेच गाडी चालवली त्यायनं. आठ आठ दिवस बाहेर. घरी आले का जेवत अन् झोपत. कुठं गेलते, म्हणलं का म्हणत, लांब. काय पाहिलं, म्हणलं का म्हणत, सडक. एकदा म्हणलं मलेही न्या. तर म्हणे, ट्रक काय बायकायची जागा आहे? वाईट नव्हते ते. बोलनंच कमी होतं. मंग घरीच गेले, झोपेत. गाडी दारात उभी."

"मंग?"

"मंग विकाची म्हणून गाडी नागपूरले न्याची होती. ड्रायव्हर संग मीही बसली, सही कराची होती म्हणून. अन् बाप्पा, उंचावरून काय दिसते वो! बसमध्ये बसलं तर समोरच्याची पाठ दिसते. इथून लोकायच्या घराच्या मागचं अंगन दिसते, वाळत घातलेल्या पापड्या दिसते, तलावात बसलेल्या म्हशी दिसते. नागपूरले पोहोचली अन् म्हणलं, नाही विकाची."

गुंजनला हसू आलं. "मंग हे ड्रायव्हर लोकायले सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? मालकीन फिराले बसते म्हणून? पुरी पवनी हासन मले. त्यापेक्षा डिझेलचा पहारा बरा. त्यात इज्जत आहे."

गुंजनचं त्याच क्षणी ठरल्यासारखं झालं. कोडं सुटलं होतं आणि सुटून आवडलंही होतं. ट्रकनं मात्र तिला पुरतं ठरवू दिलं नाही.

परतीला गाडी रिकामी होती. मोहाडी सोडून वरठीकडं येताना डाव्या हाताच्या पांदणीच्या वाटेतून धानाच्या तणसानं भरलेला एक ट्रॅक्टर अचानक सडकेवर आला. गुंजनला तो दिसला होता. तिचा पाय ब्रेकवर गेलाही होता. पण शकुनबाई किंचाळल्या, मंगरूच्या अंगावरून झेपावल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी स्टेअरिंग ओढलं. गाडी सडक सोडून खाली उतरली, दगडांवरून खडखडत गेली आणि एका बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे मातीच्या बांधाला, नाक लावून थांबली. ट्रॅक्टरवाला मागं वळून न पाहता निघून गेला.

कुणाला काही झालं नव्हतं. गुंजननं इंजिन बंद केलं. ती खाली उतरली, चाकं पाहिली आणि मग शकुनबाईंपुढं उभी राहिली.

"काकू, स्टेअरिंगले हात काहून लावला?"

"ट्रॅक्टर आला ना! तुले दिसला नसन म्हणून..."

"दिसला होता मले. मी थांबवत होती. तुमी ओढलं म्हणून गाडी खाली आली. इथं कोनी उभं असतं तं?"

"गाडी माही आहे!" शकुनबाईंचा आवाज चढला.

"हाव, तुमची आहे. पण चालवत मी होती."

मंगरू उतरून बिडी शिलगावत होता. तो गुंजनला हळूच म्हणाला, "म्हणूनच सोडली मी. बोलते त्याचं काही नाही, कान बंद करता येते. पण दोनदा असाच हात घातला तिनं. एकदा तर मागून बस होती."

म्हणजे कोड्याच्या आत अजून एक कोडं होतं आणि ते मजेचं नव्हतं. पवनीपर्यंत मंगरूनं गाडी नेली. शकुनबाई खिडकीबाहेर न पाहता मांडीवरच्या हातांकडं पाहत बसल्या होत्या.

घरी आल्यावर गुंजननं सगळं सांगितलं. पुंडलिकराव म्हणाले, "झालं मंग, चिखलाच बरं." गुंजन दोन दिवस धानाची पोती शिवत राहिली आणि मनात दोन्हीकडचं तोलत राहिली. चिखल्याला कुणी स्टेअरिंग ओढणार नव्हतं, आणि वळणापलीकडं काय आहे असं कुणी विचारणारही नव्हतं. महिनाभरानं तीही डोळे मिटून चालवू लागली असती. पवनीच्या ट्रकवर जीव टांगणीला लागला असता. पण बाईंना तिथून उठवलं तर त्या ट्रकमध्ये उरलं काय? आणि त्यांना तसंच बसू दिलं तर एक दिवस कुणाचा तरी जीव जाणार.

तिसऱ्या दिवशी तिनं पवनीला फोन लावला.

"काकू, मी याले तयार आहे. तुमी गाडीत बसा, जे विचाराचं ते विचारा, मले माहीत असन ते सांगीन. पण खिडकीपाशी पट्टा लावून बसाचं. स्टेअरिंगले, गिअरले हात नाही. एकदाही लागला, तं मी असन तिथं गाडी उभी करून उतरीन."

पलीकडून फोन बंद झाला.

चार दिवस पवनीहून निरोप नाही. गुंजननं मनातून तो ट्रक काढून टाकला, निदान तसं स्वतःला सांगितलं. भुपेंद्रनं मॅनेजरशी बोलून सोमवारचा दिवस ठरवला. निर्मलाबाईंनी पिशवी भरायला घेतली. आणि शनिवारी सकाळी फोन वाजला.

"रायपूरची खेप आहे," शकुनबाई म्हणाल्या. "मी विचार केला. तू एकटीच जाऊन ये. भेव लागते तं माहे हात आपोआप जाते, खोटं काहून बोलू? तू जाय, अन् आली का मले सांग काय काय पाहिलं ते."

गुंजनच्या डोळ्यांपुढं ते चित्र उभं राहिलं. ती दमून परत येईल, जेवेल, बाई विचारतील, आणि तिच्याही तोंडून निघेल, सडक.

"नाही काकू. मले सांगता येत नाही. तुमीच चला. पट्टा घट्ट लावा, अन् भेव लागलं का समोरच्या दांड्याले धरा. ओरडा पाहिजे तं. ओरडल्यानं गाडी खाली नाही जात."

शकुनबाईंना हसू आलं की रडू, ते फोनवर कळलं नाही.

भुपेंद्रला नाही म्हणताना गुंजनला वाईट वाटलं. तो एवढंच म्हणाला, "पाय, मंग परत नोको येऊ रडत." रविवारी पहाटे मिलमधून माल भरून ट्रक निघाला. याही खेपेला मंगरू सोबत होता; रायपूरचा रस्ता एकट्या नव्या ड्रायव्हरवर सोडायचा नाही, हे त्यानंच ठरवलं होतं. लाखनी गेली, साकोली गेली. एका वळणावर समोरून भरधाव बस अंगावर आल्यासारखी आली. गुंजननं डाव्या बाजूला तिरकं पाहिलं. शकुनबाईंनी दोन्ही हातांनी दांडा गच्च धरला होता, डोळे मिटले होते आणि तोंडानं देवाचं नाव चाललं होतं. बस निघून गेली.

"गेली काय?"

"गेली."

त्यांनी डोळे उघडले. देवरीच्या पुढं जंगल दाट झालं, सडक वर चढायला लागली. गोपीचंद इथून किती वेळा गेले असतील, ते आता कोण सांगणार? गुंजननं गिअर खाली घेतला.

"ह्याच्या पलीकडं काय आहे वो?" शकुनबाईंनी विचारलं.

"मलेही माहीत नाही काकू," गुंजन म्हणाली. "मी पयल्यांदाच येऊन राहिली."

मधे बसलेल्या मंगरूला सगळं माहीत होतं. पण कसं कोण जाणे, त्या वेळी तो काही बोलला नाही.