रिकाम्या पोटाची साक्ष

मित्रांनो, लोकशाहीचा अवघा डोलारा माझ्या डोक्यावर उभा आहे. तूर्तास त्या डोक्यावर एक बंद पडलेला पंखा आणि फिनेलचा डबा उभा आहे, तो भाग वेगळा. मी एक जुनी मतपेटी आहे.

पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझी भावंडं बादल्या झाली. मला मात्र मान मिळाला. मतदानाआधी मला उघडून उलटं धरायचं आणि माझं रिकामं पोट सर्वांना दाखवायचं, अशी रीत होती. चारचौघांत फार संकोच वाटे.

एका नगरपालिकेच्या निवडणुकीत केंद्रप्रमुख साहेबांनी घाईत ही रीत टाळली.

"अहो, रिकामीच आहे. माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे हो साहेब," उमेदवार टेलरमामा म्हणाले, "पण मी गिऱ्हाइकाचं मापसुद्धा त्याच्या शब्दावर घेत नाही."

रांग हसली, पण जागची हलली नाही. साहेबांनी चिडून माझं झाकण उघडलं. आत त्यांचाच जेवणाचा डबा! मुंग्या लागू नयेत म्हणून सकाळी ठेवला आणि विसरले.

"साहेब, तुमचं मत चांगलंच वजनदार निघालं," मामांच्या प्रतिस्पर्धी, निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, गंभीरपणे म्हणाल्या.

साहेबांचे कान लाल झाले. डबा निघाला, मला उलटं केलं गेलं. मामांनी तर चष्मा काढून कानांपर्यंत डोकं आत घातलं. मग कुठे रांग पुढे सरकली.

संध्याकाळी मोजणी झाली आणि मामा पडले. त्यांचा भाचा उसळला, "पेटीतच घोळ आहे मामा! निकाल उधळून लावू!" त्याचे मित्र बाह्या सरसावून दाराशी उभे राहिले. बाईंचा चेहरा उतरला. साहेब टेबलामागे सरकले.

"गप रे!" मामा गरजले. "आत डोकं मी घातलं होतं, तू नाही. हरलो म्हणजे हरलो." मग बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, आमच्या गल्लीतला दिवा तेवढा लावा."

"लावते. नाही लावला तर रोज दारात येऊन विचारा."

पोरांनी बाह्या खाली केल्या.

मित्रांनो, माझं कुलूप तसं तकलादूच. त्या संध्याकाळी मला सांभाळलं ते हरलेल्या माणसाच्या शब्दानं. पण तो शब्द आयता मिळाला नव्हता. आधी त्याला आत बघू दिलं होतं. म्हणून शंका आली की लाजू नका. खुशाल झाकण उघडायला लावा, आत डोकावा.

फक्त आत शिंकू नका. फार घुमतं.