धुळीचा खोकला

घड्याळजींचा जिना तिसऱ्या मजल्यावर संपायचा आणि त्यांचा गुडघा पहिल्यावरच. म्हणून लेक अठराची झाली त्या दिवशी त्यांनी तिला सांगून टाकलं, "ठमे, आता तू कायद्याने मोठी झालीस. उद्यापासून माझं पाकीट तूच आणायचं." बापाने लेकीला दिलेली ही वाढदिवसाची भेट, बघा. दोघंही हसली, आणि तेव्हापासून ठमी रोज सकाळी खालच्या दुकानातून सिगारेटचं लाल पाकीट आणू लागली.

घरात दोघंच. खिडकीजवळ टेबल, बाप शिकवायचा, लेक शिकायची. मनगटी घड्याळातली केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्याने बसवायची, तर श्वास रोखून धरावा लागतो. नुसती फुंकर लागली तरी ती उडते आणि मग जमिनीवर रांगत शोधत बसा. घड्याळजी मोठ्याने आकडे मोजायचे. विसापर्यंत दम धरला की काम फत्ते. ठमी आधी सहज वीस काढायची. हल्ली मात्र बारा आले की ठसका, आणि स्प्रिंग गायब.

"धूळ," घड्याळजी म्हणायचे. एकदा धुळीच्या माथी खापर फोडलं, मग काय, खिडकी बंद झाली, पडदे उतरले, टेबलावर काचेची झाकणं आली. पोरीच्या हातात कसब होतं. आपल्यामागे हे टेबल तिने चालवावं, एवढी एकच इच्छा उरली होती त्यांची, आणि ती त्या बाराच्या आकड्यावर येऊन अडत होती. स्वतःच्या सिगारेटपुरती खिडकी उघडायचे तेवढंच.

मग कायदा बदलला. एक तारखेपासून एकवीसच्या आतल्या कुणालाही तंबाखू विकायची नाही. एकोणीस वर्षांची ठमी पहिल्याच दिवशी हात हलवत परत आली. घड्याळजी भडकले. "मत देता येतं, लग्न करता येतं, आणि बापाचं पाकीट आणता येत नाही? सरकारला दुसरे उद्योग नाहीत का?"

"अगदी बरोबर बोललात, बाबा," ठमी तावातावाने म्हणाली. त्या घरात एवढी एकवाक्यता कधी झाली नव्हती.

दोन दिवस ड्रॉवरमधल्या उरल्यासुरल्यावर निभावलं. तिसऱ्या दिवशी काहीच उरलं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी. घड्याळजींनी जिन्याचा कठडा धरला आणि एकेक पायरी मोजत खाली उतरले.

दुकानवालीने लाल पाकीट काढून ठेवलं. "भाऊ, पांढरं नको का?"

"कसलं पांढरं?"

"अहो, ठमी रोज एक लाल नि एक पांढरं न्यायची. मला वाटलं, दोन्ही तुमचीच."

 कपडे वाळत घालायला पोरीला गच्चीवर अर्धा तास का लागतो, ते घड्याळजींना आत्ता कळलं. घरात आपलाच धूर इतका, की तिचा वेगळा वास तो काय येणार? उभा जन्म भिंग लावून लोकांच्या घड्याळातला कण शोधला, आणि समोरच्या खुर्चीतली पोर दिसली नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली. लाल पाकीट त्यांनी दुकानवालीकडे परत सरकवलं.

वर येईपर्यंत धाप लागली. ठमी दारातच उभी होती. "आणलंत?"

"नाही मिळालं. वय बसत नाही."

"बाबा, तुम्ही अठ्ठावन्नचे आहात."

"तू एकवीसची झालीस की माझंही बसेल. तेव्हा दोघं मिळून विचार करू." मग ते खुर्चीत टेकले. "पांढऱ्याचं विचारत होती ती."

ठमीने मान खाली घातली.

"कधीपासून?"

"तुम्ही पाठवायला लागलात तेव्हापासून," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं.  त्यांनी दिव्याचं बटण दाबलं आणि उघडं घड्याळ पुढे ओढलं. चिमटा उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"माझा हात आज चालायचा नाही. तू बसव."

ठमीने भिंग लावलं, श्वास धरला. घड्याळजी मोजायला लागले. दहा, अकरा, बारा. ठसका आला आणि स्प्रिंग उडाली.

सवयीने त्यांच्या ओठांवर 'धूळ' हा शब्द आला होता, तो त्यांनी गिळला. ठमी खाली रांगायला लागली. त्यांनी खुर्ची मागे सारली आणि गुडघ्याला शिव्या देत तेही तिच्या शेजारी जमिनीवर उतरले.

"कपाटाखाली बघ," ते म्हणाले. "सापडली की पुन्हा एकपासून मोजू."