वेशीतून बसूनच

सह्याद्रीला पूर्वेकडं येता येता दम लागतो. बारामती ओलांडली की तो बसकण मारतो आणि इंदापूरच्या अलीकडं सरळ आडवा होतो. त्या आडव्या अंगाचा एक गुडघा तेवढा वर राहिला आणि त्यावर गडदवाडी वसली. एका अंगाला वनखात्याचं रान, दुसऱ्या अंगाला कालव्यापर्यंत ऊस. माथ्यावर पडकी गढी, तिच्यापुढं दगडी वेस, वेशीबाहेर शेंदूर फासलेले वीरगळ, आणि रानात एक जुनी बारव. एवढा इतिहास असून गावाला त्याचा काही त्रास नव्हता. तो दिग्विजयनं सुरू केला.

दिग्विजय म्हणजे गढीवाल्या सर्जेराव आबांचा नातू. पोरगं सरळ मनाचं. पुण्यात चार वर्षं राहून त्याला दोन गोष्टींचा नाद लागला, जाड टायरच्या सायकली आणि वारसा. दोन्ही एकत्र करून त्यानं माउंटन बाइकची स्पर्धा ठेवली. ओढ्यापासून रानात, रानातून बारवेला वळसा, तिथून चढ चढून वेशीत, आणि गढीमागून पुन्हा रानात. नियमांचा फलक बसस्टँडवर लागला. त्यात एक नियम ठळक होता : ‘वारसा टप्पा. परंपरेनुसार सर्व स्वारांनी वेशीपाशी उतरून गढीच्या बुरुजापर्यंत सायकल हातात धरून चालावे.’

साहेबराव धाईंज्यांनी तो फलक दोनदा वाचला. मग टपरीवाल्याला म्हणाले, “चहा दे. साखर जरा जास्त टाक.”

साहेबराव वालचंदनगरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सत्तरी गाठलेली, गुडघे मात्र शाबूत. त्यांचे वडील त्याच कारखान्यात हेल्पर होते. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली पहिली सायकल त्यांचीच, जुनीच घेतलेली, पण पितळी घंटा असलेली. तेव्हा वालचंदनगरची वाट वेशीतूनच जायची. पाळीला निघालेले वडील वेशीपाशी आले की उतरायचे, दांडीवर बसलेल्या साहेबरावांना उचलून खाली ठेवायचे, पायांतल्या चपला काढून हँडलला अडकवायचे आणि मान खाली घालून बुरुजापर्यंत चालायचे. बुरूज मागं पडला की पुन्हा टांग मारायची. वस्तीनं छप्पन साली धर्म बदलला होता, पण वेशीला ते कुणी कळवलं नव्हतं.

पुढं साहेबराव स्वतः नोकरीला लागले, तेव्हा त्यांनी वेगळा तोडगा काढला. ते वेशीकडं गेलेच नाहीत. ओढ्यातून, गुडघाभर चिखलातून, लांबचा फेरा मारून जायचे. उतरले नाहीत हे खरं, पण वेशीतून गेलेही नाहीत. मग गावाबाहेरून डांबरी रस्ता झाला आणि प्रश्न मिटला, असं सगळ्यांनी ठरवलं. वेशीत आता नवरदेव घोड्यावरून उतरतात, पुढारी गाडीतून उतरतात. आधी काही जण उतरायचे, आता सगळे उतरतात. बरोबरी आली ती अशी.

घरी येऊन साहेबराव नातीला म्हणाले, “पायल, तुझी सायकल दे.”

पायल बारामतीला औषध कंपनीत होती आणि स्पर्धेत तिनं नाव घातलं होतं. ती म्हणाली, “दळण आणायचंय का?”

“स्पर्धेत उतरायचंय. न्हाय, चुकलो. स्पर्धेत बसायचंय.”

तिला वेशीची गोष्ट माहीत होती. ती म्हणाली, “आजोबा, तो चढ बघितलाय का? दगड गुळगुळीत झालेत. वर वेशीत वीतभर उंच उंबरा. पुण्याची पोरंसुद्धा तिथं उतरणारच आहेत, नियम असो की नसो.”

“म्हंजी नियमाला डोंगराचा बी पाठिंबा हाय,” साहेबराव म्हणाले. “गिअर कुठला टाकायचा ते सांग.”

स्पर्धेच्या सकाळी ओढ्यात सगळे जमले. पुणेकर स्वार अंगाला चिकटलेल्या कपड्यांत होते, साहेबराव पायजम्यात. पायजमा चेनमध्ये जाऊ नये म्हणून त्यांनी घोट्याला सुतळी बांधली होती. साठीपुढच्या गटात ते एकटेच असल्यामुळं पहिला नंबर निघण्याआधीच ठरला होता. रानातून ते सावकाश गेले. एका चिंकारानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं आणि धोका नाही असं ठरवून पुन्हा चरायला लागला. बारवेपाशी ते घोटभर पाणी प्यायले. चढाखाली पोचले तोवर बाकीचे स्वार वेशीतून चालत पुढं निघून गेले होते. सायकल देऊन स्वतःचं नाव मागं घेतलेली पायल तेवढी गावातनं येऊन वीरगळापाशी थांबली होती.

वेशीत सर्जेराव आबा बसले होते. आबा प्रमुख पाहुणे. कमानीखाली वारा बरा लागतो म्हणून त्यांची खुर्ची बरोबर मधोमध मांडलेली. शेजारी लाल झेंडा घेऊन दिग्विजय, आणि वर कमानीला दोरीनं बांधलेला भोंगा.

साहेबरावांनी सर्वांत हलका गिअर टाकला आणि चढायला घेतलं. निम्म्यात मागचं चाक दगडावर फिरलं, सायकल वाकडी झाली आणि पाय टेकला.

“चालतंय,” पायल म्हणाली. “वेशीच्या अलीकडं टेकला. तो धरायचा नाही.”

“धरायचा,” साहेबराव म्हणाले आणि सायकल वळवून पुन्हा चढाच्या तळापर्यंत खाली गेले.

दुसऱ्या खेपेला ते उंबऱ्यापर्यंत आले. पुढं आबांची खुर्ची. ब्रेक दाबावा लागला आणि पुन्हा पाय टेकला. दिग्विजय झेंडा हलवत म्हणाला, “बरोबर, काका. इथंच उतरायचंय.”

“मी उतरलो न्हाय. मला अडवलंय.”

सर्जेराव आणि साहेबराव गावच्या शाळेत एका वर्गात होते. एका वर्गात, एका बाकावर नव्हे. आबा मायेनं म्हणाले, “साहेबराव, ह्या वयात कशापायी जिवाला तरास? चार पावलं चाललं तर काय झिजतंय?”

“मी बी तेच म्हणतो. चार पावलं सरकलं तर काय झिजतंय?”

आबा हसले आणि बसून राहिले. साहेबराव पुन्हा खाली निघाले. आता बसस्टँडवरची माणसं वर यायला लागली होती. म्हातारा पुन्हा पुन्हा खाली का जातोय हे तरण्यांना कळेना, आणि म्हाताऱ्यांना कळत होतं पण त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

दिग्विजय पायलजवळ आला. “अगं, त्यांना समजावून सांग ना. आमच्या गढीसमोरून कुणीच स्वार होऊन जात नसे. सगळ्यांना सारखी प्रथा आहे.”

“आबांना विचार,” पायल म्हणाली. “सगळे म्हणजे कोण ते.”

दिग्विजयनं विचारलं. आबांनी फेट्याचा शेमला सारखा केला आणि म्हणाले, “सगळ्यांनाच की. म्हंजी ज्यांना होती, त्या सगळ्यांना.”

“तुम्हाला होती?”

“आमी कशाला उतरू? आमचीच गढी.”

दिग्विजय झेंड्याकडं बघत उभा राहिला. वारशाचा अभ्यास त्यानं पुष्कळ केला होता, पण घरी विचारायचं राहून गेलं होतं.

तोवर साहेबराव निघाले होते. ह्या खेपेला ते दगडांवरून न येता बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोरीतून आले. चाकोरी अरुंद, पण चाक आत बसलं की घसरत नव्हतं. छाती भात्यासारखी चाललेली, एक चप्पल मागं कुठंतरी गळालेली. वेस जवळ आली तसे ते पेडलवर उभे राहिले आणि जेवढा दम शिल्लक होता तेवढ्यात म्हणाले, “सर्जेराव, सरका.”

गावात आबांना सर्जेराव म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. सरका म्हणणारं कधी नव्हतंच. तंबाखू मळणारे हात थांबले. आबांनी एकदा येणाऱ्या चाकाकडं पाहिलं, एकदा माणसांकडं, आणि ते खुर्चीचा हात धरून उठले. खुर्ची दिग्विजयनं ओढली. साहेबरावांनी हँडल उचललं, पुढचं चाक उंबऱ्यावर आपटलं, मागचं चाक क्षणभर विचारात पडलं आणि मग तेही आलं. कमानीतून, गढीसमोरून, बुरुजापर्यंत साहेबराव बसून गेले. मान वर ठेवून गेले. मान खाली घातली असती तर पडलेच असते, पण त्यांना ती तशीही घालायची नव्हती.

बुरुजापाशी थांबून त्यांनी गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं. एक दमलेला पुणेकर स्वार तिथं पाणी पीत बसला होता. तो दिग्विजयला म्हणाला, “हे काका उतरले नाहीत. आम्ही सगळे चाललो. नियम म्हणजे नियम.”

दिग्विजय खाली मान घालून साहेबरावांपाशी आला. “काका, मला तुम्हाला बाद करावं लागेल.”

“कर की. पण असं कानात न्हाय. भोंग्यावर सांग.”

दिग्विजयनं माईक घेतला. “साठीपुढच्या गटातले स्पर्धक साहेबराव धाईंजे तांत्रिक कारणानं बाद.”

“तांत्रिक काय?” साहेबराव म्हणाले. “सायकल ठणठणीत हाय. कारण नीट सांग.”

दिग्विजयनं आबांकडं पाहिलं. आबा अजून उभेच होते, रानाकडं बघत. त्यानं माईक पुन्हा तोंडाशी नेला. “साहेबराव धाईंजे. गढीच्या वेशीतून सायकलवरून न उतरता गेल्याबद्दल बाद.”

“झकास. आता भोंगा आमच्या वस्तीकडं फिरव आणि परत एकदा सांग. तिकडं नीट ऐकू गेलं नसंल.”

भोंगा फिरवायला दिग्विजय वेशीत परत गेला आणि खुर्ची पुन्हा मधोमध ओढून स्वतः तिच्यावर चढला. दोरी सैल करून त्यानं भोंग्याचं तोंड ओढ्यापलीकडच्या वस्तीकडं वळवलं आणि नाव, गाव, कारण, सगळं पुन्हा वाचल्यासारखं सांगितलं. ह्या वेळी आवाज जरा मोठा लागला.

पायल म्हणाली, “पुढं रानातला टप्पा राहिलाय, आजोबा. संपवायची नाही का स्पर्धा?”

“बाद झालोय न्हवं? आता मोकळा हाय.”

साहेबरावांनी सायकल वळवली आणि ज्या वेशीतून आले होते तिच्याचकडं निघाले. खुर्ची अजून कमानीखाली होती आणि तिच्यावर दिग्विजय उभा होता. ते लांबून म्हणाले, “पोरा, उतर खाली. मला जाऊ दे.”

दिग्विजय उतरला.