दाराबाहेरचा ओनी

फुमिएचं डोकं फिरलं ते शाळेच्या स्वयंपाकघरात भरलेल्या पालकसभेत. कारण सांगितलं तर कुणीही म्हणेल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच.

ड्युसेलडॉर्फमधली ही शनिवारची जपानी शाळा. पोरं आठवडाभर जर्मन शाळेत जायची आणि शनिवारी इथे येऊन आजीआजोबांची भाषा गिरवायची. भाषेबरोबर सण आले आणि सण म्हटले की आईबापांना जुंपणं आलं. सगळ्यांत जास्त कोण जुंपला जायचा? फुमिएचा जर्मन नवरा होल्गर. नव्या वर्षाच्या मोची नावाच्या चिकट गोळ्यांसाठी भात कुटायचाय? बोलवा होल्गरला. मे महिन्यात कापडी मासे खांबावर चढवायचेत? बोलवा होल्गरला. आणि फेब्रुवारीतल्या सेत्सुबुनला, म्हणजे ओनी नावाच्या राक्षसाला भाजक्या दाण्यांनी मारून हाकलायच्या सणाला, ओनी कोण? ते तर विचारायलाच नको. ताडमाड उंची, लालबुंद तोंड. चार वर्षं हा भला माणूस वाघाच्या पट्ट्यांची चड्डी घालून पोरांचा मार खात होता, तोही हसत हसत.

पण जपानी बारा प्राण्यांच्या वर्षचक्रात यंदाचं वर्ष घोड्याचं आणि होल्गरचा जन्मही घोड्याच्या वर्षातला. अशा माणसानं त्या सणाला मंचावर उभं राहून दाणे उधळायचे, तोच त्या दिवसाचा मानकरी, हे शेंबड्या पोरालाही माहीत. बारा वर्षांतून एकदा येणारा मान! त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीनं, काहोनं, तर वर्गात सांगूनही टाकलं होतं, "यंदा माझे बाबा वर असणार. मार खाणार नाहीत, मारणार!"

"मान कोबारी-सानना देऊ या," समितीच्या प्रमुख निशिवाकी-सान म्हणाल्या. ('सान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'बाई'.) "तेही घोड्याचेच."

कोबारी-सान म्हणजे कुठल्याशा कंपनीचे मोठे साहेब, शरदात बदली होऊन आलेले. शाळेत एक खुर्ची इकडची तिकडे केली नव्हती त्यांनी.

"होल्गरही घोड्याचाच आहे," फुमिए म्हणाली.

"अगं बाई, हो का? पण शाळेच्या पत्रिकेत फोटो जातो ना. बघणाऱ्याला कसं, सण आपला वाटायला हवा. आणि होल्गर-सानना ओनी काय शोभतो! मुखवट्याचीसुद्धा गरज नाही!"

सगळ्याजणी खो खो हसल्या. फुमिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण निशिवाकी-सान वयानं मोठ्या, शाळेत जुन्या. त्यांना उलटून बोलायची रीत नाही. फुमिएनं ओठ घट्ट मिटले आणि कपबशा विसळायला घेतल्या. एक बशी फुटली.

घरी होल्गरचं वेगळंच. "जाऊ दे ना. पोरांना मजा येते. ओनी तर ओनी."

"तुला काही म्हणजे काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. पण काहोला दर शनिवारी त्याच पोरांत बसायचंय. तिची जागा तिथे राहायला हवी, माझं काय."

"तुझा हा चांगुलपणाच नडतो मेला!" फुमिए ओरडली आणि रडायला येऊ नये म्हणून भांडी आपटत राहिली.

सणाचा शनिवार उजाडला. हॉल गच्च भरलेला. मंचावर कोबारी-सान, अंगात पारंपरिक कडक अंगरखा. "ओनी बाहेर! सुख आत!" असं ओरडून त्यांनी दोन मुठी उधळल्या, फोटोसाठी तिसरी उधळली आणि घड्याळ बघितलं. खाली होल्गर मुखवटा लावून डरकाळ्या फोडत धावत होता आणि पोरं त्याच्यावर तुटून पडली होती. काहो तेवढी मूठ आवळून उभी.

"मार ना!" निशिवाकी-सानचा मुलगा तिला म्हणाला. "तुझा बाप खरंच ओनी आहे, माझी आई म्हणते!"

फुमिएनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. हातात वाढायचा ट्रे नसता तर काय झालं असतं कोण जाणे.

पोरांनी ओनीला मागच्या दारातून अंगणात पिटाळलं आणि दार लावून घेतलं. हे दार एकदा लागलं की बाहेरून उघडत नाही. एरवी फुमिए कोट घेऊन तिथे उभी असायची आणि गलका थांबला की त्याला आत घ्यायची. यंदा तिला भाताचे रोल वाढायला लावलं होतं. "दाराचं बघाल ना?" असं तिनं सकाळीच विचारलं होतं. "बघते हो मी, तुम्ही रोलचं बघा," निशिवाकी-सान म्हणाल्या होत्या.

मग सगळे रोल घेऊन बसले. या सणाला भाताचा अख्खा रोल शुभ दिशेला तोंड करून, एक अक्षर न बोलता खायचा आणि मनात काय ते मागायचं. मध्ये बोललं की मागितलेलं गेलं. हॉलभर माणसं खिडकीकडे तोंड करून मुकाट चावायला लागली.

ठक ठक.

दाराला सगळ्यांत जवळ कोबारी-सान बसलेले. त्यांचा जबडा क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू. फुमिए अर्धवट उठली तशी निशिवाकी-साननी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

ठक ठक ठक. बाहेर ओला बर्फ पडत होता आणि माणूस चड्डी-बनियनवर होता.

फुमिएनं काहोकडे पाहिलं. तिचीही दाराकडे पाठ. गाल फुगलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि पोरगी भराभर चावतेय. एकदाही मागे वळून बघत नाही. हेच शिकवायला आणलं का आपण हिला इथे? बाप दार ठोठावतोय आणि ही शिस्तीत घास गिळतेय?

"दार उघडा!" ती किंचाळली. "मेलात का सगळे? माझा नवरा बाहेर गारठतोय!"

कुणी हललं नाही. तिनं रोल तिथेच टाकला, धावत जाऊन दार उघडलं. होल्गरचे ओठ निळे पडलेले, काखेत मुखवटा, आणि वर हसायचा प्रयत्न. "झालं का खाऊन?" म्हणाला. फुमिएनं कोबारी-सानच्या खुर्चीवरचा त्यांचा लोकरीचा कोट ओढला आणि त्याच्या अंगावर घातला. साहेब बघतच राहिले.

"फुमिए-सान, चुकलंच हो, विसरले मी," तोंड पुसत निशिवाकी-सान आल्या. "पण मिनिटभर थांबला असतात तर... सगळ्यांच्या मनातलं..."

"सगळ्यांच्या मनातलं गेलं खड्ड्यात! काहो, चल. इथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

काहो शेवटचा घास गिळत धावत आली. "आई, मी किती पटापट खात होते! बोलले असते तर मागितलेलं गेलं असतं ना!"

"बाप बाहेर कुडकुडत असताना एवढं काय मोठं मागत होतीस गं?" फुमिए तिच्यावरही खेकसली.

"हेच," काहो म्हणाली. "सगळ्यांनी बाबांना आत घ्यावं."

फुमिएनं पोरीचे खांदे धरले आणि तिला हॉलकडे वळवलं. "आता हेच मोठ्यानं सांग. वर्गात धडा वाचून दाखवतेस ना, तसं."

काहोनं सांगितलं. खणखणीत, शब्द न् शब्द स्वच्छ. एव्हाना कुणाच्याही तोंडात घास उरला नव्हता. तरी कुणी बोललं नाही.