एकट्या नावापुढची चांदणी

बारकीने नळ्यांचे स्टिकर छापणारा हा प्रोग्राम आळसापायी लिहिला, असं ताईचं म्हणणं. रक्ताच्या नळ्यांवरची नावं हाताने लिहून बोटं दुखायची हे खरंच; पण पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा ती शिकली ती निव्वळ चौकसपणामुळे. लहानपणापासून हातात आलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय तिला चैन कुठलं पडायला! लॅब मात्र ताईची. ताईने बजावलं होतं, "आज दिवसभर चालव. एक चूक झाली की कायमचं बंद. लोकांच्या रक्ताशी खेळ नको मला."

सकाळी रांगेतल्या सगळ्यांची नावं एकदम टाकली, सगळं झकास चाललं. नावांच्या यादीपुढे बारकीने एक चांदणी, म्हणजे * ही खूण, टाकली होती. चांदणी असली की यादी पिशवीसारखी रिकामी होते आणि आतलं एकेक नाव सुटं होऊन प्रोग्राममधल्या छापणाऱ्या तुकड्याच्या, म्हणजे फंक्शनच्या हाती पडतं, मग नावं कितीही असोत. एका नावाला एक स्टिकर.

दुपारी एक तान्हं बाळ आलं. शीर सापडेना, बाळाने रडून आकांत मांडला, ताईला घाम फुटला. कसंबसं थोडं रक्त मिळालं. नाव अजून ठेवलं नव्हतं, म्हणून बारकीने नुसतं 'बाळ' टाईप केलं. प्रिंटरने तीन स्टिकर काढले. एकावर ब, दुसऱ्यावर नुसता काना, तिसऱ्यावर ळ.

"अगं, हे काय!" ताई कडाडली. "नळ्यांची अदलाबदल झाली तर? लेकराला परत टोचायचं?"

बारकीने आधी प्रिंटर बंद केला, पेन उचललं आणि बाळाच्या आईला विचारून तिचं नाव नळीवर ठळक लिहिलं. मग स्क्रीनसमोर बसली. भीती होतीच, पण कुतूहल त्याहून मोठं. बिचारा काना एकटा कसा पडला?

"अय्या! ताई, ही यादी नव्हतीच गं! एकटंच नाव होतं. चांदणीला काय, समोर येईल ते सुटं करायचं. तिने नावच फोडलं." तिने एकट्या नावालाही आधी यादीत बसवलं. मग हळूच विचारलं, "आता कायमचं बंद ना?"

"बंद तर तू केलंस, मी सांगायच्या आधी," ताई म्हणाली आणि तिनेच प्रिंटर सुरू केला. 'बाळ' अख्खं छापून आलं. ताई ते निरखत राहिली. मग खुर्ची ओढून शेजारी बसली.

"काय गं, यादीत कुणीच नसलं तर काय होतं?"

बारकीने कीबोर्ड ताईच्या पुढ्यात सरकवला. ताई जन्मात पहिल्यांदा तिला काहीतरी विचारत होती.